मुखवटे, नग अकरा

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा तमाम जनतेस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात तयार झालेल्या दुःखाची भोपाळमधली एकमेव शाखा आमच्या विद्यापीठात, तळमजल्यावर, खोली क्रमांक सात, जिन्याखालून डावीकडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार साडेअकरा ते साडेबारा या वेळात उघडी असे. प्रवेश सर्वांना होता. उशिरा येणाऱ्यांना मात्र उंबरठ्यावर थांबावं लागे, आणि पुढचा सगळा अनर्थ या थांबण्यातूनच घडला.

मी त्या शाखेची चव्वेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी. मुलगा पुण्याला शिकायला गेला, मुलगी इंदूरला माझ्या माहेरी राहून कॉलेज करायला लागली, नवरा दिवसभर साकेत नगरच्या दवाखान्यात, आणि घरात फोडणी कुणासाठी द्यायची हा प्रश्न पडला. म्हणून इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला नाव घातलं. ऐच्छिक विषयात मला जाहिरातलेखन हवं होतं. तिथल्या जागा भरल्या होत्या. क्लार्कनं यादीवरून बोट खाली आणलं, थांबला, आणि पेशंटच्या नातेवाइकांना वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांशी बोला असं सांगताना जो चेहरा करतात तो करून म्हणाला, "ग्रीक ट्रॅजेडी में जगह है, मॅडम. वहाँ हमेशा रहती है."

सर उंच होते आणि त्या उंचीबद्दल जगाची क्षमा मागत असल्यासारखे थोडे वाकलेले. एका खिशात खडू, दुसऱ्यात शेवेची पुडी. समोर कुणीही पोहे खायला घेतले की विचारपूस न करता त्यावर चिमूटभर शेव पडायची. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले. सर जन्मले इथेच. वर्गात हिंदी, माझ्याशी मराठी, आणि राग आला की थेट वडिलांचं नागपूर. "काऊन?" एवढा एक शब्द ते असा टाकत, की समोरचा आपल्या जन्माचं कारण शोधू लागे. वर्गातलं बहुतेक सगळं हिंदीत घडलं. मी ते मराठीत सांगतेय, एवढी सूट द्या.

तर तो उंबरठा. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं की ग्रीकांच्या रंगमंचावर कुणी मरत नसे. मरणं, मारणं, डोळे फोडणं, सगळं आत. मग बाहेर एक दूत यायचा आणि जे पाहिलं ते सांगायचा. "खून कुणालाही दाखवता येतो," सर म्हणाले, "सांगता येणं अवघड." म्हणून सरांच्या वर्गात उशिरा येणारा माणूस दूत असे. त्यानं दारात उभं राहायचं. वर्गानं विचारायचं, "दूता, काय पाहिलंस?" मग त्यानं का उशीर झाला ते सांगायचं, तीन अटींवर. उंबरठा ओलांडायचा नाही. घडलं त्याच क्रमानं सांगायचं. आणि स्वतःला वाचवणारं एकही वाक्य वापरायचं नाही. 'ट्रॅफिक होता' चालत नसे. 'मी उशिरा उठलो आणि ट्रॅफिकला दोष द्यायचं ठरवलं' हे चाले.

सांगून झालं की आम्ही उरलेले दहाजण, म्हणजे कोरस, एका सुरात विलाप करायचो. "ओतोतोतोय." ग्रीक लोक दुःखात असंच ओरडत, असं सरांचं म्हणणं. शेजारच्या खोलीत कॉमर्सचा वर्ग भरे. त्यांची तक्रार दर आठवड्याला येई, आणि सर ती न वाचता सही करून परत पाठवत. ही सही लक्षात ठेवा.

माझं घर लांब आणि स्वभाव त्याहून लांबण लावणारा, त्यामुळे मी वर्गाची कायमची दूत झाले. सर मला 'दूतबाई' म्हणू लागले. मी गॅस सिलिंडरवाल्याचं आगमन, सासूबाईंचा फोन आणि स्कूटीचं न लागणं यांची अशी महाकरुण वर्णनं करी की मुलं वही बंद करून ऐकत. एकदा मात्र फसले. मस्तपैकी रंगवून सांगत होते आणि सरांनी मध्येच विचारलं, "दूतबाई, तुमची स्कूटी मी अकरा वीसला पार्किंगमध्ये पाहिली. त्यानंतरचं गाळलंत." तिसरी अट. सांगावं लागलं की मी वीस मिनिटं स्कूटीवरच बसून होते. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये जाऊन बसायची मला त्या दिवशी लाज वाटली होती.

कोरसनं त्या दिवशी विलाप केला नाही. सर म्हणाले, "आत या. राजे-राण्या बडबडतात. दारात थांबलेला माणूसच कामाचं बोलतो." आणि माझ्या डब्यातल्या पोह्यांवर शेव पडली.

तुम्हाला वाटेल, हे सगळं गंमत म्हणून ठीक, पण आजच्या मुलांना त्या जुन्या ग्रीक रडारडीचं काय? मलाही वाटलं होतं. मग सरांनी आमची सहल काढली. कुठे, तर महाराणा प्रताप नगरला. तिथे कोचिंग क्लासेसच्या पाट्या आहेत, तीन-तीन मजली, वर हसणाऱ्या मुलांचे फोटो. सर एका पाटीखाली हात जोडून उभे राहिले. "ही आपली कौल लावायची ठिकाणं," ते म्हणाले. "आईबाप येतात, विचारतात, आमच्या मुलाचं काय होणार? ग्रीकांच्या देवळातली पुजारीण निदान गोलगोल बोलायची. हे रँकसकट सांगतात."

तेवढ्यात आतून टाय लावलेला एक तरुण धावत आला. त्यानं सरांना आणि मला नवरा-बायको समजून माहितीपत्रक दिलं आणि मुलगा कितवीत आहे, विचारलं. सर गंभीरपणे म्हणाले, "राजपुत्र आहे. बापाचं ऐकत नाही. भविष्यवाणी झालीय की घराण्याचा नाश करील." तरुण अजिबात डगमगला नाही. म्हणाला, "सर, फाउंडेशन बैच में डाल दीजिए." सर परतीच्या वाटेवर त्या मुलाचं कौतुक करत होते. म्हणाले, नियतीला असं उत्तर अडीच हजार वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

आमच्यात फैजान नावाचा एक मुलगा होता. वडिलांचं गोविंदपुऱ्यात छोटं वर्कशॉप, मशीनचे सुटे भाग बनवायचं. सकाळी तिथे उभं राहायचं की वर्गात यायचं यावरून घरात रोज खडाजंगी. फैजान आला की बापाच्या जुलमाची कहाणी. सरांनी एके दिवशी त्याला बाप व्हायला लावलं आणि दुसऱ्या मुलाला फैजान. "भांडा." पाच मिनिटांत बाप झालेला फैजान असा पेटला, की दोन कामगार सोडून गेले, डोळ्यांनी बारीक माप दिसत नाही, तुझ्या फीसाठी मी चष्मा बदलला नाही, असं काय काय बोलून गेला. सर म्हणाले, "शोकांतिकेत खलनायक नसतो, बेटा. असता तर सोपं होतं, पोलिसांत दिला असता. इथे दोघंही बरोबर असतात." पुढच्या आठवड्यापासून फैजान शनिवारी वर्कशॉपला जाऊ लागला आणि बाकीचे दिवस त्याच्या अब्बांनी सोडून दिले. चष्माही बदलला, असं कळलं.

आता सही. सर कुठलाही सरकारी कागद वाचत नसत. "वाचणं म्हणजे त्याला मान देणं," असं त्यांचं तत्त्व. परिपत्रक येवो, सूचना येवो, खाली हिरव्या शाईत 'पाहिले, मंजूर' आणि झोकदार सही. याच तत्त्वापायी ते एकदा रांगोळी स्पर्धेचे परीक्षक झाले होते. गेले, तासभर वाकून निरखत राहिले, आणि पहिलं बक्षीस दिलं ते कुणाचा तरी पाय पडून फिसकटलेल्या रांगोळीला. कारण विचारल्यावर म्हणाले, "बाकीच्यांत काही घडलेलंच नाही."

आणि मग मुखवटे. मी येण्याच्या आदल्या वर्षापर्यंत खोली सातच्या कपाटात कागदाच्या लगद्याचे अकरा मुखवटे होते. कोरसचे. सरांनी आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षांत केलेले. एका उन्हाळ्यात रंगकाम निघालं, कपाट रिकामं झालं, आणि सुट्टीनंतर सर आले तर मुखवटे गेलेले. कपाट रिकामं करायचा आदेश विभागप्रमुख मॅडमचा होता. मॅडम ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या, एकेकाळी सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी भर वर्गात घोषणा केली: "ज्याच्या हातून हे मुखवटे गेले, त्याच्याशी मी या आवारात एक शब्द बोलणार नाही." नाव घेतलं नाही. शोकांतिकेत घोषणा करताना नाव घेत नसतात. आमच्या अभ्यासक्रमातला राजाही खुन्याला असाच, नाव न घेता, शाप देतो. पण कॉरिडॉरमध्ये मॅडम समोरून आल्या की सर खिडकीबाहेरच्या झाडाकडे असं बघत, जसं झाडानंच त्यांना हाक मारली. घोषणा दर वर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांपुढे पुन्हा होई. आम्हीही ऐकली. आम्हाला ती फार आवडली.

मुखवटे गेल्यापासून दोन वर्षं असं चाललं. आणि मग तो फॉर्म आला.

ज्या विषयांना मुलं कमी, ते बंद करायचे की ठेवायचे हे ठरवायला बाहेरची समिती येणार होती. प्रत्येक शिक्षकानं लिहून द्यायचं होतं: 'विषयाची आजच्या काळातील उपयुक्तता, पन्नास शब्दांत.' सरांनी फॉर्म कोरा ठेवला आणि खाली 'पाहिले, मंजूर' करून परत पाठवला. म्हणजे आपलाच विषय बंद करायला त्यांनी जवळजवळ संमती दिली होती. निवृत्तीला दीड वर्ष, सव्वीस वर्षं शिकवलेला विषय, आणि आम्ही अकराजण 'व्यावसायिक पत्रव्यवहार' या विषयात ढकलले जाणार होतो. वर्गानं मला दूत म्हणून पाठवलं. मी सांगितलं, सर, पन्नासच शब्द आहेत. सर म्हणाले, "उपयोग चमच्याचा असतो." मी म्हटलं, मग मॅडमना निदान भेटा. त्यांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. मी आवाज चढवून म्हटलं, सर, तुम्हीच शिकवता ना, की राजाला सगळे सांगत असतात, तो ऐकत नाही, आणि शेवटी त्याचाच शाप त्याच्यावर उलटतो? "शिकवतो," ते म्हणाले, "पण राजा व्हायला मला कुणी सांगितलंय?" तरी समितीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. फार हळू आवाजात म्हणाले, "दूतबाई, मुलांना सांगा, उद्या सकाळी लवकर येऊन लिहून देतो. पन्नास शब्द."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला समिती खोली सातमध्ये हजर होती. तीन पाहुणे आणि कोपऱ्यात मॅडम. आम्ही अकराजण होतो. मीसुद्धा वेळेवर होते, यावरून प्रसंग ओळखा. फक्त सर नव्हते. सव्वीस वर्षांत सर कधी उशिरा आले नव्हते.

अकरा पस्तीस, अकरा चाळीस. समितीचे अध्यक्ष वाणिज्य विषयाचे होते, गोल चेहऱ्याचे, सौजन्यशील. वेळ काढायला म्हणून त्यांनी फैजानला विचारलं, बेटा, इससे नौकरी कैसे मिलेगी? फैजाननं खरं ते सांगितलं, की माहीत नाही. पण अध्यक्षांनी दुसरं काही विचारायच्या आत त्यानं दूताची पद्धत समजावून सांगितली. तिन्ही अटींसकट. अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडमचा चेहरा मात्र दगडाचा झाला होता.

अकरा पंचावन्नला सर दारात आले. हातात एक जुनी फाइल. चेहरा पांढरा. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात थबकले, कारण अकराजणांच्या नजरा उंबरठ्यावर लागल्या होत्या. समिती बसली आहे, विषयाचा जीव टांगणीला लागला आहे, अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण अंगात भिनलेली सवय होती, आणि कोरसमध्ये वयानं मोठी मीच. मी विचारलं, "दूता, काय पाहिलंस?"

सरांनी पाऊल मागे घेतलं.

मग ते सांगू लागले, क्रमानं. सकाळी आठला आलो. पन्नास शब्द लिहायला बसलो. मागच्या वर्षी इतरांनी काय लिहिलं ते पाहावं म्हणून ऑफिसातून विभागाची फाइल मागितली. आजवर कधी उघडली नव्हती. आज उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागद पहिल्या ओळीपासून वाचला. वाचता वाचता एका यादीवर आलो. 'निरुपयोगी साहित्य, विल्हेवाटीस योग्य.' मोडक्या खुर्च्या, चार. फुटका फळा, एक. कागदी मुखवटे, नग अकरा. आणि त्याखाली हिरव्या शाईत 'पाहिले, मंजूर'.

"सही माझी आहे," सर म्हणाले. "मग मी बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसलो. ज्याच्या हातून मुखवटे गेले त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. म्हणून मी स्वतःशी बोललो नाही. तासभर गप्प बसलो होतो. घंटा ऐकली, पाय उचलले नाहीत. मला आत यायची लाज वाटत होती. हे गाळता येणार नाही." आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मॅडमकडे सरळ पाहिलं. मराठीत म्हणाले, "चूक माझी होती. तुमची नव्हती."

मॅडम उठल्या. मला वाटलं, झालं, आता सगळं गोड होणार. पण त्या सरांच्याच विद्यार्थिनी होत्या आणि तिसरी अट त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी हिंदीतच सुरुवात केली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"सर, यादी तुमच्याकडे पाठवण्याआधी मी तुम्हाला दोनदा चिठ्ठी पाठवली होती. मुखवटे ठेवायचे आहेत की काढून टाकायचे, कृपया कळवावे. दोन्ही चिठ्ठ्यांवर तुम्ही लिहिलंत, मंजूर."

"काय मंजूर?" सरांनी विचारलं.

"तेच तर मला कळेना. शेवटी तुम्हालाच नको असतील असं वाटलं. त्यातला एक मी केला होता, सर. म्हातारीचा. मला फार लागलं ते. म्हणून मीसुद्धा नंतर काही सांगितलं नाही."

इथे एक कबुली देऊन टाकते, कारण शेवटाला मला दुसरंच काही सांगायचं आहे. विषय वाचला. अध्यक्षांनी 'उपयुक्तता' या रकान्यात स्वतःच्या हातानं काय लिहिलं ते आम्हाला कधी दाखवलं नाही. पण पन्नास शब्दांत मावलं नव्हतं, मागच्या पानावर गेलं होतं, एवढं मी पाहिलं. सर दीड वर्षानं वेळेवर निवृत्त झाले. निवृत्तीचे कागद त्यांनी असे वाचले, एकेका कलमावर बोट ठेवून, की ऑफिसवाले रडकुंडीला आले. म्हातारीचा मुखवटा मॅडमनी टाकलाच नव्हता, घरी ठेवला होता. तो आता खोली सातमध्ये फळ्याच्या वर आहे, बाकीचे दहा मुलांनी नवे केले, आणि विषय मॅडम स्वतः शिकवतात. अजूनही उशीर झाला तर दारात थांबावं लागतं. परवा मी सहज गेले होते, जुनी विद्यार्थिनी म्हणून, तर मलाही थांबवलं.

पण त्या दिवसाचं सांगत होते. मॅडम बोलून थांबल्या. सर दारातच होते, फाइल छातीशी धरून, एवढे उंच असून चौकटीत लहान दिसत होते. अध्यक्षांचं पेन वहीवर टेकून थांबलं होतं. रिवाजाप्रमाणे आता कोरसनं विलाप करायचा, पण आमच्यापैकी कुणाच्या गळ्यातून सूर निघेना. आणि त्या शांततेत मागच्या बाकावर फैजान ताडकन उभा राहिला आणि, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, बोलून गेला:

"सर, ये तो सिलेबस में था."